रक्ताच्या थेंबातला रेणू तारेला कसा कळतो?

दर काही महिन्यांनी एक बातमी येते: रक्ताच्या एका थेंबातून काही मिनिटांत कर्करोग ओळखणारी चिप तयार. सोबत नखाएवढ्या चौकोनी तुकड्याचा फोटो असतो, मथळ्यात ‘नॅनो’ हा शब्द असतो आणि शेवटी ‘येत्या काही वर्षांत बाजारात’ असं आश्वासन असतं. ती वर्षं सरतात. आपण तपासणीला जातो तेव्हा दंडातून रक्त काढणारी तीच सुई, त्याच नळ्या आणि रिपोर्टची तीच वाट पाहणं.

मग बातमी खोटी होती का? बहुतेकदा नव्हती. प्रयोगशाळेत ती चिप खरोखर चाललेली असते. घोळ असा की, रेणूची चाहूल लागेल इतकी हळवी तार बनवणं हा या कामाचा सोपा भाग आहे आणि तो पंचवीसेक वर्षांपूर्वीच जमला. रक्तासारख्या खारट, गजबजलेल्या द्रवात नेमका हवा तोच रेणू तारेपर्यंत पोचणं, आणि तो तोच आहे याची खात्री पटणं, यातच बाकीची सगळी वर्षं चालली आहेत. त्या वर्षांचा हिशेब बातमीत कधी येत नाही, म्हणून तो इथे मांडतो आहे.

किती लहान, आणि किती विरळ

एक मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, रक्तातली तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद, आणि डीएनएचा पीळ फक्त २ नॅनोमीटर जाड. रोगजंतूंना ओळखून धरणारं प्रथिन, म्हणजे अँटीबॉडी, सुमारे १० नॅनोमीटरचं असतं.

पण लहानपणापेक्षा जास्त छळतो तो विरळपणा. हृदयाच्या स्नायूंना इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि हृदयविकाराच्या झटक्याचं निदान त्यावर होतं. एका प्रचलित चाचणीत निरोगी माणसासाठी त्याची वरची मर्यादा लिटरला १४ नॅनोग्रॅम धरतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. आता रक्तद्रवात एकूण प्रथिनं लिटरला साधारण ७० ग्रॅम असतात. भागाकार करून पाहा: वजनाने मोजलं तर पाचशे कोटी भाग इतर प्रथिनं आणि एक भाग ट्रोपोनिन. पृथ्वीवरच्या निम्म्याहून जास्त माणसांच्या गर्दीतून एक चेहरा शोधायचा, असं हे काम आहे.

घरी साखर तपासायची पट्टी इतकी साधी आणि स्वस्त का, याचं उत्तरही इथेच सापडतं. रक्तात ग्लुकोजचे रेणू इतके असतात की या मर्यादेवरच्या एका ट्रोपोनिनमागे ग्लुकोजचे हजार कोटींहून जास्त रेणू भरतात. पट्टीवरचं एन्झाइम ग्लुकोजची अभिक्रिया घडवतं, त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन यंत्र मोजतं. अशा एन्झाइम लावलेल्या इलेक्ट्रोडची कल्पना लेलंड क्लार्क यांनी १९६२ साली मांडली होती. ग्लुकोजच्या बाबतीत शोधायचं काहीच नसतं, मोजायचं तेवढं असतं. ट्रोपोनिनच्या बाबतीत आधी शोधावं लागतं.

नळ आणि त्यावरचा हात

आता तारेकडे येऊ. आपल्या फोनमधल्या चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा नळ. वीज एका टोकाने आत येते, दुसऱ्या टोकाने बाहेर जाते आणि मधल्या वाटेवर एक ‘गेट’ असतं. गेटवर विद्युतभार वाढवला किंवा कमी केला की खालून वाहणारी वीज वाढते किंवा घटते. गेट त्या विजेला हात लावत नाही, नुसत्या विद्युतक्षेत्राने लांबूनच तिला आवरतं किंवा मोकळं सोडतं.

१९७० साली नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातले पीट बर्गवेल्ड यांनी या रचनेतलं धातूचं गेट काढून टाकलं आणि ती जागा द्रवाला उघडी केली. चेतापेशींभोवतीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, मोजायचे हा त्यांचा हेतू होता. द्रवातले भारित कण पृष्ठभागावर जमले की तेच गेटचं काम करू लागतात आणि खालची वीज बदलते. पाण्याची आम्लता मोजणारी कितीतरी यंत्रं आज याच तत्त्वावर चालतात.

पुढचं पाऊल उघड होतं. प्रथिनांवर आणि डीएनएवरही विद्युतभार असतो. मग तेच रेणू गेट का होऊ नयेत?

तार बारीक का हवी?

मोठ्या नदीत एक दगड टाकला तर प्रवाहाला काही फरक पडत नाही. तोच दगड वीतभर रुंदीच्या ओहोळात पडला तर पाणी अडतं. जाड वाहकाच्या पृष्ठभागावर एक रेणू चिकटला तर आतून जाणाऱ्या विजेला त्याचा पत्ताही लागत नाही. पण तार २० नॅनोमीटर व्यासाची असेल तर तिच्या पोटातला कुठलाही अणू पृष्ठभागापासून १० नॅनोमीटरपेक्षा लांब नसतो. पृष्ठभागावर काहीही घडलं तरी ते साऱ्या तारेला जाणवतं.

हार्वर्ड विद्यापीठात चार्ल्स लीबर यांच्या गटाने २००१ साली सिलिकॉनच्या अशा नॅनोतारांनी प्रथिनाची चाहूल घेऊन दाखवली. २००४ साली त्याच गटाने इन्फ्लुएन्झाचा एकेक विषाणू तारेवर बसताना आणि उठून जाताना विजेच्या आलेखात टिपला. विषाणू बसला की आलेखाला पायरी पडते, निघून गेला की आलेख मूळ पातळीवर येतो. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. विषाणूला कुठला रंग लावलेला नाही, चमकणारं लेबल नाही, त्याच्या प्रती काढलेल्या नाहीत. तो आला आणि कळला, इतकंच.

ओळख मात्र तारेची नसते

एक गैरसमज इथेच काढायला हवा. तार काहीही ओळखत नाही. तिच्यावर कुठलाही भारित रेणू बसला तरी वीज बदलेलच. ओळखायचं काम तारेवर चिकटवलेला ‘पकडी रेणू’ करतो. तो अँटीबॉडी असू शकतो, डीएनएचा जोड तुकडा असू शकतो, किंवा अ‍ॅप्टामर असू शकतो. अ‍ॅप्टामर म्हणजे एका ठरावीक रेणूलाच बिलगेल असा निवडून काढलेला डीएनए किंवा आरएनएचा छोटा धागा. पहारेकरी हा पकडी रेणू असतो, तार त्याच्या हाताला बांधलेली घंटा असते. बातम्यांत कौतुक घंटेचं होतं, आणि सेन्सर फसला तर तो बहुधा पहारेकऱ्यापाशी फसलेला असतो.

कारण रक्तात अल्ब्युमिनसारखी प्रथिनं प्रचंड संख्येने असतात आणि ती कुठल्याही मोकळ्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. पाचशे कोटींच्या गर्दीत पहारेकऱ्याने लाखात एकदा जरी चुकीचा माणूस धरला तरी खोट्या घंटांचा गोंगाट होतो. म्हणून तारेच्या उरलेल्या पृष्ठभागावर प्रथिनांना चिकटू न देणारा थर द्यावा लागतो. शेजारी पकडी रेणू नसलेली एक तार ठेवतात आणि तिचा संकेत वजा करतात. हे काम किचकट आणि वेळखाऊ आहे. सेन्सरची खरी किंमत ठरते ती मात्र इथे.

मीठ आडवं येतं

रक्त खारट असतं. त्यात सोडियम आणि क्लोराइडचे भारित कण ओसंडून असतात. ऋण भाराचा रेणू त्यात आला की धन भाराचे कण लगेच त्याच्याभोवती कोंडाळं करतात आणि थोड्याच अंतरावर त्याचा भार जाणवेनासा होतो. हे ‘थोडं अंतर’ किती, त्याला डेबाय लांबी म्हणतात. पीटर डेबाय आणि एरिक ह्युकेल यांनी १९२३ साली या कोंडाळ्याचा सिद्धांत मांडला. रक्ताएवढ्या खारट द्रवात ही लांबी एक नॅनोमीटरही भरत नाही.

आता आधीचा आकडा आठवा. अँटीबॉडी १० नॅनोमीटरची. तिने हात उंचावून रेणू पकडला तर तो तारेपासून १० नॅनोमीटरवर आहे आणि तारेला ऐकू येतं जेमतेम एका नॅनोमीटरपर्यंतचं! पहारेकऱ्याने चोर धरला, पण हाताची दोरी घंटेपर्यंत पोचतच नाही.

शुद्ध, कमी मिठाच्या द्रवात ही अडचण जवळपास नाहीशी होते. मीठ शंभरपट पातळ केलं की डेबाय लांबी दहापट वाढून सात-आठ नॅनोमीटर होते. प्रयोगशाळेतले कितीतरी देखणे निकाल अशाच द्रवातले आहेत. २००५ साली लीबर यांच्या गटाने कर्करोगाशी संबंधित तीन प्रथिनं एकाच चिपवर अत्यंत कमी प्रमाणात मोजून दाखवली, तेव्हाही सीरममधले, म्हणजे गोठलेल्या रक्तातून वेगळ्या झालेल्या द्रवातले, क्षार आधी काढून टाकावे लागले होते. यात लबाडी अजिबात नाही, शोधनिबंधात हे स्पष्ट लिहिलेलं असतं. बातमीत येईपर्यंत तेवढं वाक्य गळून पडतं.

यावर उपाय शोधले गेले आहेत. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दोन कप्प्यांची युक्ती केली. पहिल्या कप्प्यात रक्तातून हवी ती प्रथिनं पकडून ठेवायची, रक्त धुऊन टाकायचं, मग ती प्रथिनं स्वच्छ, कमी मिठाच्या द्रवात सोडून दुसऱ्या कप्प्यातल्या नॅनोसेन्सरपुढे न्यायची. हे सगळं २० मिनिटांच्या आत झालं. दुसरा उपाय म्हणजे अँटीबॉडीचा फक्त पकडणारा शेंडा कापून वापरायचा, म्हणजे उंची कमी होते. तिसरा अ‍ॅप्टामरचा, त्याकडे शेवटी येतो, कारण मला तो सगळ्यांत हुशारीचा वाटतो.

रेणू येईपर्यंत वाट कोण पाहणार?

ही अडचण कमी चर्चेतली आहे, पण तिचा हिशेब कुणालाही करता येतो. द्रवातला रेणू कुठे ‘जात’ नसतो. तो धक्के खात भटकत असतो. भटकणाऱ्याला दुप्पट अंतर कापायला चौपट वेळ लागतो. एखाद्या प्रथिनाला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढं अंतर पार करायला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. पूर्ण एक मिलिमीटर पार करायला मात्र तास-दीड तास लागतो, आणि एक सेंटिमीटर म्हणजे काही दिवस.

आता विरळपणा यात मिसळा. एक ‘फेम्टोमोलर’ द्रावण म्हणजे लिटरला सुमारे ६० कोटी रेणू. ऐकायला खूप वाटतात, पण एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे एक मिलिमीटर बाजूच्या इवल्याशा घनात, फक्त ६००. त्यात आपली तार केसाच्या हजाराव्या भागाहून बारीक. मोठ्या तलावात एकच बारीक गळ टाकून माशाची वाट पाहावी, तसं हे झालं. गळ कितीही धारदार असला तरी मासा तिथे यायला हवा. पॉल शीहन आणि लॉइड व्हिटमन या अमेरिकी संशोधकांनी २००५ मध्ये हेच गणित मांडलं: द्रव नुसता स्थिर ठेवला तर नॅनो आकाराच्या सेन्सरला इतक्या विरळ द्रावणात पुरेसे रेणू मिळायला तास किंवा दिवसही लागतील.

म्हणजे तार जितकी बारीक करू तितकी ती हळवी होते आणि तितकीच एकाकीही होते. म्हणून आता द्रव वाहता ठेवतात, अरुंद नाल्यांतून तारेच्या अगदी जवळून नेतात, एका तारेऐवजी तारांचं शेत पेरतात किंवा चुंबकीय मण्यांनी रेणू आधी गोळा करून आणतात. चांगल्या सेन्सरमधला निम्मा शहाणपणा इलेक्ट्रॉनिक्सचा नसून नळकामाचा असतो.

‘पण डीएनए वाचणाऱ्या चिपा तर चालतात ना?’

चालतात, आणि उत्तम चालतात. बर्गवेल्ड यांच्या ट्रान्झिस्टरचे लाखो नग एका चिपवर मांडून डीएनए वाचणारं यंत्र २०११ मधल्या एका शोधनिबंधात तपशिलाने मांडलं गेलं. डीएनएच्या साखळीत एक अक्षर, म्हणजे तिचा एक घटक, जोडलं गेलं की हायड्रोजनचा एक आयन सुटतो, तेवढी आम्लता ट्रान्झिस्टर टिपतो. त्यावर ज्यांचा जीनोम वाचला ते होते गॉर्डन मूर, चिपवरच्या ट्रान्झिस्टरांच्या वाढीचा प्रसिद्ध नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो तेच.

दुसरी पद्धत नॅनोछिद्राची. पडद्याला जेमतेम डीएनएचा धागा जाईल एवढं छिद्र असतं आणि त्यातून आयनांचा प्रवाह वाहत असतो. धागा सरकताना प्रत्येक अक्षरगट प्रवाह वेगवेगळा अडवतो. १९९६ मध्ये जॉन कासियानोविच, डेव्हिड डीमर, डॅनिएल ब्रँटन आणि सहकाऱ्यांनी डीएनए असा छिद्रातून ओढून दाखवला. वीस वर्षांनी, २०१६ मध्ये, अंतराळवीर केट रुबिन्स यांनी तळहातावर मावणाऱ्या अशाच यंत्राने आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात डीएनए वाचला.

मग प्रथिनांच्या चिपा मागे का? फरक एकाच गोष्टीचा आहे, आणि तो फार मोठा आहे. डीएनएच्या प्रती काढता येतात. एका तुकड्याचे काही तासांत कोट्यवधी तुकडे करता येतात, म्हणजे विरळपणाचा प्रश्न आधीच सुटतो. प्रथिनाची अशी प्रत काढायची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. थेंबात जेवढे रेणू आहेत, तेवढ्यांवरच भागवायचं.

‘लॅबमधली चाचणी काय वाईट आहे?’

काहीच वाईट नाही. आजच्या लॅबमधली मोठी यंत्रं ट्रोपोनिन लिटरला काही नॅनोग्रॅमपर्यंत विश्वासाने मोजतात. त्यांची पद्धत अशी: एका अँटीबॉडीने रेणू धरायचा, धुवायचं, रंग किंवा प्रकाश देणारं लेबल लावलेली दुसरी अँटीबॉडी जोडायची, पुन्हा धुवायचं आणि प्रकाश मोजायचा. दोन पहारेकऱ्यांनी ओळख पटवल्यामुळे चूक कमी होते. नॅनोतारेला बहुधा एकाच पहारेकऱ्यावर विसंबावं लागतं.

तारेची ताकद वेगळ्या ठिकाणी आहे. लेबल लागत नाही, संकेत थेट विजेचा असतो आणि रेणू येता-जाताना त्याच क्षणी कळतो. रुग्णाच्या उशाशी, रुग्णवाहिकेत किंवा अंगावर सतत मोजत राहायचं असेल तर हे फार कामाचं आहे. लॅब फोटो काढते, तार चलचित्र दाखवू शकते.

‘एका थेंबात सगळं’ या दाव्यापाशी मात्र सावध राहायला हवं. थेंबभर रक्तातून चाचण्या करून देण्याचा दावा करणाऱ्या थेरानॉस कंपनीच्या संस्थापक एलिझाबेथ होम्स यांना गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल अमेरिकेत २०२२ मध्ये दोषी ठरवण्यात आलं. त्या कंपनीचं यंत्र नॅनोतारांचं नव्हतं, पण मोह तोच होता. बोट टोचून, दाबून काढलेल्या थेंबात ऊतींमधला द्रवही मिसळतो आणि विरळ रेणू थेंबागणिक कमी-जास्त येतात. ही मर्यादा थेंबाची आहे, चिप कितीही सुधारली तरी ती राहणारच.

‘यंत्र जितकं हळवं, तितका रोग लवकर कळेल ना?’

हा आक्षेप सगळ्यांत स्वाभाविक आहे, म्हणून थोडं गणित करू. समजा एखादा रोग हजारात एकाला आहे. चाचणी रोग्याला कधीच चुकवत नाही आणि निरोगी माणसांतल्या फक्त एक टक्क्याला चुकून ‘रोग आहे’ म्हणते. हजार जणांना तपासलं तर खरा रोगी एक सापडेल आणि खोटे इशारे साधारण दहा मिळतील. म्हणजे ज्यांना ‘आहे’ असं सांगितलं गेलं त्या अकरांपैकी दहा जण निरोगी असतील आणि त्या दहांच्या घरी पुढचे कित्येक दिवस झोप नसेल.

शिवाय रेणू सापडणं म्हणजे रोग सापडणं असं नसतं. पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगासाठी मोजलं जाणारं पीएसए हे प्रथिन ग्रंथीची साधी वाढ झाली किंवा जंतुसंसर्ग झाला तरी वाढतं. तार शंभरपट हळवी केली तरी पीएसएचा अर्थ शंभरपट स्पष्ट होणार नाही. चिप बनवणारे आणि रोग समजून घेणारे एकत्र बसतात तेव्हाच हा प्रश्न पुढे सरकतो. माझ्या मते पैसा आणि लक्ष दोन्ही या बैठकीकडे वळायला हवं.

मीठ असतानाही: वाकणारा धागा

आता राहिलेली ती हुशारीची गोष्ट. अ‍ॅप्टामर हा डीएनएचा धागा, म्हणजे तो स्वतःच ऋण भाराने भरलेला. तो तारेवर अगदी बुडाशी बांधलेला असतो. लक्ष्य रेणू आला की धागा त्याच्याभोवती वळतो, आकार बदलतो आणि त्याचा स्वतःचा भार पृष्ठभागाच्या जवळ सरकतो किंवा दूर जातो. तारेला पाहुण्याचा भार ऐकायची गरजच उरत नाही. पहारेकऱ्याच्या स्वतःच्या हालचालीनेच घंटा वाजते. आणि ही हालचाल बुडाशी, मिठाच्या कोंडाळ्याच्या आत होत असल्याने रक्ताएवढ्या खारट द्रवातही जाणवते.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अ‍ॅन अँड्र्यूज यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये इंडियम ऑक्साइडच्या अतिपातळ थरावर असे धागे लावून सेरोटोनिन, डोपामिन आणि ग्लुकोज खारट द्रवात मोजून दाखवले. यात ग्लुकोजवर भारच नसतो, तरी तो कळला. २०२२ मध्ये त्याच विद्यापीठातून घड्याळासारखं मनगटावर बांधायचं एक साधन पुढे आलं. ते घामातलं कॉर्टिसोल मोजतं. ताणाच्या वेळी वाढणारं हे संप्रेरक दिवसभर एका पातळीवर राहत नाही. सकाळी ते चढलेलं असतं, संध्याकाळकडे उतरतं, म्हणून दिवसातून एकदा काढलेल्या रक्ताच्या नळीत त्याची चाल दिसत नाही. कॉर्टिसोलवरही निव्वळ भार नसतो. मनगटावरचा धागा त्याच्याभोवती वाकतो, भार थोडा सरकतो आणि खालच्या थरातली वीज बदलते. सुई कुठे टोचावी लागत नाही, आणि घामात रक्तासारखी प्रथिनांची गर्दीही नसते. घामातलं कॉर्टिसोल रक्तातल्या कॉर्टिसोलशी किती नेमकं जुळतं, माणसागणिक ते किती बदलतं, हे ठरवायला आता खूप माणसांच्या मनगटांवर, खूप दिवस मोजत बसावं लागणार आहे.